मुलं आपोआप सावरत नाहीत

आपत्तीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलं खेळायला लागतात. पूर ओसरलेल्या गल्लीत, तंबूंच्या मधल्या मोकळ्या जागेत, ढिगाऱ्यातून निघालेल्या डब्याच्या झाकणाची चकती करून. वर्तमानपत्रात त्यांचं छायाचित्र येतं, खाली ‘दुःखातही फुललेलं हसू’ अशी ओळ असते आणि मोठी माणसं एकमेकांना सांगतात, ‘लेकरांचं बरं असतं, ती लवकर विसरतात.’ असं म्हणण्यात वाईट हेतू नसतो. पण ते म्हटलं की आपल्या डोक्यावरचं एक ओझं अलगद उतरतं. दप्तरं वाटली, बिस्किटांचे पुडे दिले, पांघरुणं दिली की मुलांपुरतं काम झालं असं वाटू लागतं. सहा महिन्यांनी तेच मूल वर्गात गप्प बसायला लागलं, पाऊस सुरू झाला की शाळेतून पळून घरी जायला लागलं, तर मास्तर म्हणतात, ‘अभ्यासात लक्ष नाही.’ त्या दोन गोष्टींचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही.

हे पुस्तक तो संबंध दाखवण्यासाठी आहे. भूकंप, पूर, दरड, वादळ अशा संकटांतून मुलं आणि तरुण कसे सावरतात हा त्याचा विषय. त्याचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. मूल उभं राहतं की खचतं, हे त्याच्या स्वभावावर थोडंफार अवलंबून असतं. त्याहून कितीतरी जास्त ते त्याच्याभोवती कोण उरलं, काय उरलं आणि मोठ्यांनी पुढे काय केलं यावर ठरतं. म्हणजे मुलांची उभारी घडवता येते, आणि हयगय केली तर घालवताही येते. तिची निम्मी तयारी तर संकट येण्याआधीच झालेली असावी लागते.

याला आधार काय? या विषयातला सगळ्यात गाजलेला अभ्यास हवाई बेटांमधल्या काउआई बेटावरचा आहे. तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोघींनी ती मुलं चाळिशीला येईपर्यंत घेतला. त्यांतल्या बऱ्याच मुलांच्या वाट्याला गरिबी, घरातली भांडणं, व्यसन, आईवडिलांचं आजारपण असं एकावर एक आलेलं होतं. अशांपैकी साधारण तिसरा हिस्सा मुलं पुढे चांगली निभावली. त्यांच्यात काय वेगळं होतं? काहींचा स्वभाव मोकळा होता, हे खरं. पण वारंवार दिसत राहिलं ते हे की या मुलांना आधाराचं एक तरी पक्कं माणूस मिळालेलं होतं. कुणाला आजी, कुणाला मावशी, कुणाला शेजारीण, कुणाला शाळेतली बाई. आणखी एक गोष्ट दिसली: या मुलांकडे घरातलं काही ना काही काम असायचं, धाकट्यांना सांभाळण्याची जबाबदारी असायची, म्हणजे आपली कुणाला तरी गरज आहे हे त्यांना कळत होतं. पुढे २००१ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ ॲन मास्टन यांनी अशा अनेक अभ्यासांचं सार मांडलं. मुलांच्या सावरण्यामागे काही अद्भुत शक्ती नसते, घर, शाळा, सवंगडी, रोजचा नेम अशा अगदी साध्या गोष्टींचीच ती किमया असते, असं त्यांचं सांगणं होतं. आपत्तीत नेमक्या याच साध्या गोष्टी मोडतात. म्हणून त्या आधी उभ्या करायच्या.

दुसऱ्या महायुद्धातला लंडनचा अनुभव याला दुजोरा देतो. सप्टेंबर १९३९ मध्ये बाँबहल्ल्यांच्या भीतीनं शहरांतली लाखो मुलं आगगाड्यांत बसवून खेड्यांत धाडली गेली. हेतू चांगला होता. ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम त्या काळात लहान मुलांसाठी पाळणाघरं चालवत होत्या. आईजवळ राहून बाँबचे आवाज ऐकलेल्या मुलांपेक्षा सुरक्षित जागी पण आईपासून दूर राहिलेली मुलं जास्त बिथरतात, असं त्यांना रोजच्या सहवासातून दिसत गेलं. लहान मूल भीती मोजतं ते आईच्या चेहऱ्यावरून. आईचा हात थरथरत नसेल तर त्याला आभाळातला गडगडाटही सोसतो.

मराठी वाचकाला हे सगळं समजायला लंडनला जायची गरज नाही, किल्लारी पुरेशी आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लातूर-उस्मानाबादकडची गावं उशिरा निजली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी ६.२ रिश्टरच्या आसपासचा धक्का बसला. दगडमातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद भिंती, वर लाकडाचं माळवद, त्यावर गळती थांबवण्यासाठी दर पावसाळ्याआधी चढवलेले मातीचे थर. उन्हाळ्यात घर गार ठेवणारं हेच वजन झोपलेल्या माणसांवर आलं. सुमारे आठ ते दहा हजार माणसं गेली. हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीनं निर्धोक समजला जात होता. तरी १९९२ मध्ये किल्लारीच्या परिसराला छोटे धक्के बसले होते. तेव्हा लोक काही रात्री घराबाहेर झोपले आणि पुन्हा आत गेले, कारण धोका अंगवळणी पडतो आणि शेतीची कामं थांबत नाहीत.

भूकंपानंतर जे घडलं त्याकडे मुलांच्या नजरेनं फार कमी पाहिलं गेलं. बावन्न गावं मूळ जागेवरून उठवून नव्या जागी वसवली गेली. घराचं क्षेत्रफळ जमिनीच्या मालकीवरून ठरलं: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, त्यापुढे ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. भिंती भक्कम झाल्या, रस्ते रुंद झाले, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण अनेक ठिकाणी एका आकाराची घरं एका रांगेत आल्यामुळे भाऊबंद आणि शेजारी पांगले. आता हे चार-पाच वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून पाहा. जुन्या आळीत आई रानातून येईपर्यंत ते समोरच्या काकूच्या ओट्यावर बसायचं, भूक लागली तर तिच्याच चुलीपुढे जायचं. नव्या गावठाणात काकूचं घर चार रांगा पलीकडे. ओटा नाही. सगळी घरं सारखी, म्हणून आपलं कुठलं ते चटकन ओळखू येत नाही. काउआईच्या अभ्यासातली ‘शेजारीण’ नकाशात मावली नाही. घरबांधणीचा हिशेब चौरस फुटांत होतो. मुलांच्या सावरण्याचा हिशेब कुणाच्या हाकेला कोण ओ देतं यावर होतो.

आईवडील गमावलेल्या आणि घर उद्ध्वस्त झालेल्या मुलांचं काय करायचं, या प्रश्नाला त्या वेळी महाराष्ट्रानं दोन वेगळी उत्तरं दिली. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली. वाघोलीचं शैक्षणिक पुनर्वसन केंद्र त्यातून उभं राहिलं. ज्ञान प्रबोधिनीनं उलट वाट धरली आणि भूकंपाच्या भागातच, लोहारा तालुक्यातल्या हराळीला निवासी शाळा सुरू केली. एका वाटेनं मुलांना मातीच्या ढिगाऱ्यापासून दूर नेलं, शिक्षणाची मोठी संधी दिली. दुसऱ्या वाटेनं शाळा त्यांच्या मातीत आणली, सण, बोली आणि नातेवाईक हाकेच्या अंतरावर ठेवले. यातली बरोबर कुठली, हा वाद घालण्यात अर्थ नाही. ज्याच्या मागे कुणीच उरलं नाही आणि ज्याची आजी अजून दारात उभी आहे, अशा दोन मुलांना एकच उत्तर लागू पडत नाही. पण लंडनचा धडा दोन्हीकडे लागू आहे: मूल हलवायचंच असेल तर भावंडं तोडू नका, गावची सोबत तोडू नका, आणि सुट्टीत परत जायला जागा ठेवा. आज कायदाही त्याच दिशेनं जातो. २०१५ च्या बालन्याय कायद्यानं अशा मुलाबद्दलचा निर्णय बालकल्याण समितीकडे दिला आहे. आपत्तीनंतर ‘एखादं अनाथ बाळ असेल तर सांगा’ म्हणून येणारे फोन कितीही मायेचे असले, तरी आधी मुलाचे नातलग शोधायचे असतात.

मुलांच्या सावरण्यात शाळेला जे स्थान आहे ते धान्याच्या कोठाराला दुष्काळात असतं तसं आहे. आणि तरीही आपत्तीत पहिला बळी शाळेचाच जातो. इमारत टिकली असेल तर तिथेच मदत छावणी भरते, वर्गात धान्याची पोती लागतात, फळ्यावर याद्या लिहिल्या जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरच्या महापुरात हेच झालं, आणि त्याला दुसरा इलाजही नव्हता. पण छावणी हलवायला जितका उशीर, तितका मुलांचा दिवस बेवारस. सकाळी उठायचं कशासाठी, आंघोळ कशासाठी, दहा वाजता कुठे असायचं, हे ज्याला ठाऊक असतं त्याच्या पायाखाली काहीतरी घट्ट असतं. शाळा भरली म्हणजे अभ्यास सुरू झालाच पाहिजे असं नाही. हजेरी झाली, प्रार्थना झाली, डबा एकत्र खाल्ला, एक गोष्ट ऐकली तरी पहिल्या आठवड्यात पुष्कळ झालं. हजेरीला तर विशेष अर्थ असतो. नाव पुकारलं जातं आणि उत्तर देणारं मूल तिथे आहे हे सगळ्यांना कळतं. उत्तर आलं नाही तर कुणीतरी त्याच्या घरी जाऊन बघतं. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर याच भारतीय जैन संघटनेनं काही महिन्यांत साडेतीनशेहून अधिक शाळा उभ्या केल्या, त्यामागे किल्लारीतून आलेली ही समज होती. बांगलादेशात मोहम्मद रेझवान यांनी २००२ पासून नावेवरच्या शाळा चालवल्या. पुरात मूल शाळेत पोचत नाही, तर शाळाच घाटाला लागते. पूर दरवर्षी येणार असेल तर त्याला धरूनच वेळापत्रक आखायचं, ही त्यामागची साधी अक्कल.

खेळाबद्दल मात्र मोठ्यांचा गोंधळ उडतो. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरची लहान मुलं ‘भूकंप-भूकंप’ आणि ‘त्सुनामी-त्सुनामी’ खेळू लागली. ‘आली लाट!’ असं ओरडायचं, टेबलावर चढायचं, कुणीतरी वाहून जायचं, कुणीतरी त्याला ओढायचं. ज्यांची माणसं वाहून गेली होती त्यांना हे पाहवेना. पण मूल बोलून जे सांगू शकत नाही ते खेळून सांगतं, आणि खेळात शेवट आपल्या हातात असतो. खऱ्या लाटेत ते काहीच करू शकलं नव्हतं, खेळातल्या लाटेतून ते मित्राला वाचवतं. अशा वेळी दटावू नये. जवळ बसावं, पाहावं. खेळ पुढे सरकत असेल, रोज काही बदलत असेल, तर तो आपलं काम करतो आहे. तोच प्रसंग रोज तसाच, हसू नाही, शेवट नाही, आणि खेळून झाल्यावर मूल जास्तच घाबरंघुबरं, असं महिना-दीड महिना चाललं तर जाणकाराकडे न्यावं. अंथरूण ओलं होणं, आईचा पदर न सोडणं, छपराखाली झोपायला नकार, अंगठा चोखणं पुन्हा सुरू होणं, हे पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक मुलांत दिसतं आणि मायेनं वागवलं तर ओसरतं. ओसरत नसेल तर ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे, मुलांसाठी १०९८ आहे. शिक्षकांनी हे दोन आकडे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायला हरकत नाही.

‘मुलं विसरतात’ या समजुतीला सगळ्यात कठोर उत्तर वेल्समधल्या ॲबरफॅननं दिलं आहे. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी कोळशाच्या खाणीतल्या टाकाऊ मालाचा डोंगर शाळेवर घसरला. १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं. वाचलेल्या मुलांना रस्त्यावर खेळायचीही चोरी झाली, कारण ज्यांच्या घरची मुलं गेली त्या घरांसमोर आपण हसायचं कसं, हे त्यांना न सांगता कळलं होतं. गावात त्याबद्दल कुणी बोलेना. तेहतीस वर्षांनी संशोधकांनी या वाचलेल्यांना गाठलं तेव्हा ज्यांच्याशी ते बोलले त्यांतल्या चौथ्या हिश्श्याहून अधिक जणांना त्या सकाळचा त्रास अजून होत होता. ती मुलं दिसायला सावरली होती, शिकली होती, संसाराला लागली होती. आपल्याकडेही अशी माणसं गावोगाव आहेत. पावसाची रिपरिप वाढली की झोप न लागणारे, भांडं पडलं तरी दचकणारे चाळिशी-पन्नाशीतले लोक आपलं लहानपण कुणाला सांगत नाहीत, कारण तेव्हा कुणी विचारलंच नव्हतं.

विचारावं, पण मुलाच्या कलानं. वाहिनीचा माणूस, पाहुणा पुढारी, देणगीदार, प्रत्येकापुढे मुलाला उभं करून ‘सांग बाळा, काय झालं होतं’ म्हणायचं, हा त्याच्यावरचा दुसरा आघात. मंचावर नावाआधी ‘अनाथ’ लावून दप्तर द्यायचं, हा तिसरा.

आता विषयाच्या दुसऱ्या बाजूकडे येतो, कारण मुलांना नुसतं सांभाळण्याची वस्तू समजणं हीदेखील एक चूकच आहे. जपानच्या कामाइशी शहरात ११ मार्च २०११ रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास भूकंप झाला. उनोसुमाई भागातल्या माध्यमिक शाळेतली मुलं लगेच चढाकडे पळत सुटली. शेजारच्या प्राथमिक शाळेतली मुलं तोवर तिसऱ्या मजल्यावर नेलेली होती. मोठी मुलं पळताना दिसताच तीही खाली उतरली आणि त्यांच्यामागे निघाली. मोठ्यांनी धाकट्यांचे हात धरले. ठरलेल्या निवाऱ्याच्या जागी पोचल्यावर मागची दरड ढासळताना दिसली, म्हणून तिथे न थांबता सगळे आणखी वर गेले, आणि लाट येताना दिसली तसे त्याहूनही वर. दोन्ही शाळा पाण्याखाली गेल्या. शहरातली जवळपास तीन हजार शाळकरी मुलं वाचली. गेली ती पाच मुलं त्या वेळी शाळेत नव्हती. बाहेरच्यांनी याला चमत्कार म्हटलं. गावाला ते पटलं नाही, कारण त्यामागे अनेक वर्षांचा सराव होता. गुन्मा विद्यापीठातले तोशिताका कातादा तिथल्या शिक्षकांबरोबर राबले होते आणि मुलांना त्यांनी तीनच गोष्टी शिकवल्या होत्या: नकाशावर विसंबू नका, त्या क्षणी जमेल तितकं सगळं करा, आणि पळणाऱ्यांत पहिले तुम्ही व्हा. दुसऱ्यासाठी थांबून घोळका करण्यापेक्षा एकानं धाव घेतली तर त्याला पाहून दहा जण सुटतात, हा तिसऱ्या गोष्टीतला हिशेब. त्याच उनोसुमाईत आपत्ती केंद्राच्या इमारतीत जमलेली शंभराहून अधिक माणसं लाटेत गेली. कवायतींसाठी लोक तिथेच जमत आले होते, त्या दिवशीही तिथेच गेले.

त्याच दुपारी इशिनोमाकीजवळच्या ओकावा प्राथमिक शाळेत मुलं सुमारे पन्नास मिनिटं मैदानात थांबून राहिली. मागे टेकडी होती. कुठे जायचं यावर मोठ्यांचा निर्णय होईना. त्या शाळेतली १०८ पैकी ७४ मुलं गेली, दहा शिक्षक गेले. पालक न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रशासनाची जबाबदारी कायम झाली. कामाइशी आणि ओकावा यांच्यात मुलांच्या धैर्याचा फरक नव्हता. एका जागी मुलांना विचार करायला शिकवलं होतं आणि पळायची मुभा दिली होती. दुसऱ्या जागी ती शिस्तीत उभी राहिली.

हे शिक्षण पाठ्यपुस्तकातूनच व्हावं असं नाही. इंडोनेशियातल्या सिम्युलू बेटावर १९०७ साली मोठी लाट आली होती. तेव्हापासून आज्या नातवंडांना ‘स्मोंग’ची, म्हणजे त्या लाटेची, गोष्ट सांगत आल्या, ती अंगाईतून गात आल्या: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला तर डोंगराकडे पळा. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत, भूकंपाच्या केंद्रबिंदूच्या अगदी जवळ असूनही सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर सातच जण दगावले. आपल्याकडेही नदीकाठच्या म्हाताऱ्यांना पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं की ढोरं सोडायची हे ठाऊक असतं, डोंगरातल्यांना झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा झाडं कलली तर काय समजायचं ते ठाऊक असतं. ही माहिती मुलांपर्यंत पोचवायला एक आजी आणि एक तास पुरे. बिहारनं शाळांत ‘सुरक्षित शनिवार’ सुरू केला, आठवड्यातून एक वेळ ठरवून पूर, वीज, आग, सर्पदंश यांबद्दल बोलायचं. महाराष्ट्रात अजून कितीतरी ठिकाणी कवायत म्हणजे पाहुणे, फलक आणि फोटो.

संकटानंतरही मुलांच्या हाताला काम हवं असतं. मार्च २०११ मध्येच केसेन्नुमा इथल्या निवारा केंद्रात प्राथमिक शाळेतल्या मुलांनी भिंतीवरचं वर्तमानपत्र काढलं, नाव ‘फाइट’. कागदावर रंगीत पेनानं आज जेवायला काय होतं, वीज कुठे आली, अशा बातम्या. उदास काही लिहायचं नाही असा संपादकीय नियम. शेकडो मोठी माणसं रोज सकाळी त्या कागदापुढे उभी राहायची. पाणी भरणं, म्हाताऱ्यांना गोळ्यांची आठवण करणं, धाकट्यांना गोष्ट सांगणं, अशा कामातून मुलाला आपण नुसते घेणारे नाही हे कळतं.

पण या गोष्टीलाही माप असतं. बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात आईचं सगळं घर घातलं तर ती सावरत नाही, तिची शाळा सुटते. आपत्तीनंतर गळतीच्या यादीत मुलींची नावं आधी येतात, मग लग्नाची घाई होते. मुलगे मजुरीला लागतात, आणि लोक त्यांना ‘लवकर शहाणा झाला’ म्हणून शाबासकी देतात. जे काम संध्याकाळी संपतं आणि सकाळी शाळेला जाऊ देतं, ते उभारी देतं. बाकीचं नुसतं ओझं.

अठरा-वीस वर्षांच्या तरुणांकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३: दरड कुठलीही असो, बचाव पथक पोचेपर्यंत शेजारच्या वाड्यांची पोरंच चिखलात उतरलेली असतात. महापुरात कोल्हापूरच्या तालमींची पोरं रात्रंदिवस डबे पोचवतात. ही मुलं मोठ्यांच्या रांगेत धरली जातात, म्हणून त्यांना समुपदेशन नाही, आणि ‘पोरगं मर्द आहे’ म्हणून त्यांना रडायचीही सोय नाही. स्वतःच्या हातानं ओळखीचं प्रेत उचललेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला पंधरा दिवसांनी कुणी बाजूला घेऊन ‘झोप लागते का रे?’ एवढं विचारलं पाहिजे. त्यानं ‘हो’ म्हटलं तरी पुन्हा आठ दिवसांनी विचारलं पाहिजे.

शेवटी एक इशारा. ‘चिवट’ मुलांचं कौतुक करण्यात एक धोका आहे. दरवर्षी पुरात बुडणाऱ्या वस्तीतली मुलं दरवर्षी उभी राहतात, म्हणून वस्ती तिथेच ठेवायची, नाला तसाच ठेवायचा आणि मुलांना शाबासकी द्यायची, हे चालणार नाही. एकच पाऊस पक्क्या घरातल्या आणि पत्र्याखालच्या मुलांवर सारखा पडत नाही. जातीमुळे गावाच्या सखल कडेला वसलेल्या वस्तीत पाणी आधी शिरतं आणि मदतीची गाडी शेवटी पोचते. तिथल्या मुलाला आधी उंचावरचं घर द्यायला हवं, धीराचे चार शब्द त्यानंतर. त्याच्या उभारीवर सरकारी अनास्थेचा खर्च टाकायचा अधिकार कुणाला नाही.

पुढची प्रकरणं याच क्रमानं लावली आहेत: संकटाआधीची तयारी, पहिले दहा दिवस, पहिलं वर्ष, आणि त्यानंतरचा लांबचा काळ, जेव्हा पथकं निघून जातात आणि पहिलं वर्षश्राद्ध येतं. पुस्तक तज्ज्ञांसाठी लिहिलेलं नाही. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांसाठी, अंगणवाडी ताईंसाठी, आशा ताईंसाठी, ग्रामसेवकांसाठी, आणि ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्या सगळ्यांसाठी आहे. म्हणून त्यात जडजंबाल शब्द टाळले आहेत आणि ‘काय करावं’ इतकंच ‘काय करू नये’ तेही सांगितलं आहे. सगळं एकदम वाचायची गरज नाही. पण पहिलं प्रकरण मे महिन्यात वाचावं, शाळा उघडायच्या आधी. जूनमधल्या पालकसभेत तीन प्रश्न ठेवावेत. पाणी वाढलं किंवा जमीन हलली तर मुलं कुठे पळतील, आणि ती वाट त्यांनी पायांनी चालून पाहिली आहे का? छावणी शाळेत भरली तर वर्ग कुठे भरेल? आणि वर्गातल्या प्रत्येक मुलाचं, आईवडील सोडून, एक पक्कं माणूस कोण? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हजेरीपटात प्रत्येक नावापुढे लिहावं. ज्या नावापुढची जागा कोरी राहील, तिथे शिक्षकानं स्वतःचं नाव लिहावं.